दुहेरी कोष्टक कसे वाचावे?



जुलैच्या पालक सभेत एका पालकांनी उभे राहून एक कागद वाचून दाखवला, तो अनेकांच्या लक्षात असेल. तृतीय भाषा म्हणून मराठी घेणाऱ्या मुलांमध्ये गणितात ३३ पेक्षा कमी गुण मिळवणाऱ्यांचे प्रमाण संस्कृत घेणाऱ्या मुलांपेक्षा जास्त आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी टक्केवारीही काढून आणली होती. मग त्यांनी विचारले, "मॅडम, मराठीचा तास बंद करून तो गणिताला का देत नाही?" मागच्या रांगांतून टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या ज्येष्ठ मंडळींचे चेहरे उतरले. ज्या भाषेसाठी आपल्या आजा-पणजांनी घरोघर वर्गणी मागून ही शाळा उभी केली, तिचाच तास काढायचा प्रस्ताव शाळेच्याच सभागृहात आला होता. विश्वस्त मंडळाने माझ्याकडून लेखी अभिप्राय मागितला आहे.

भावनेने उत्तर देता आले असते. परंतु त्या पालकांनी आकडे आणले होते आणि आकड्यांना उत्तर आकड्यांनीच द्यावे, असे मला वाटते. म्हणून या अंकात नेहमीच्या 'गणित कट्ट्या'ऐवजी थोडा मोठा पाठ देत आहे. अकरावी-बारावीच्या मुलांनी तो वही-पेन घेऊन वाचावा. पालकांनी आकडेमोड गाळून वाचला तरी मुद्दा समजेल.

एक गोष्ट आधी. मी बी.एस्सी. हिंदी माध्यमातून केले. त्यामुळे 'काई-वर्ग परीक्षण', 'स्वातंत्र्य कोटि' हे शब्द माझ्या तोंडात बसलेले आहेत. मराठी पुस्तकांत काही ठिकाणी वेगळे शब्द सापडतील. शब्दांवर अडू नका.

प्रश्न नेमका काय आहे?

काही गोष्टी मोजता येतात, जसे उंची, वजन, गुण. काही गोष्टींचे फक्त गट पाडता येतात, जसे मराठी की संस्कृत, उत्तीर्ण की अनुत्तीर्ण. दोन्ही बाजूंनी असे गट पाडून प्रत्येक चौकटीत किती जण येतात ते लिहिले की दुहेरी कोष्टक तयार होते. आडव्या ओळीत एक गुण, उभ्या स्तंभात दुसरा. प्रश्न एवढाच असतो की ओळ कोणती हे कळल्याने स्तंभाबद्दल काही जास्त कळते का? कळत असेल तर दोघांत संबंध आहे. कळत नसेल तर ते एकमेकांपासून स्वतंत्र आहेत.

फरक तर नेहमीच दिसणार. नाणे दहा वेळा उडवले तर दर वेळी पाच छापे येत नाहीत. दिसलेला फरक नुसत्या योगायोगाने येऊ शकेल एवढाच आहे, की त्याहून मोठा, हे ठरवायला कसोटी लागते. ती कसोटी कार्ल पिअर्सन या इंग्रज गणितज्ञाने १९०० साली मांडली. तिला काय-वर्ग चाचणी म्हणतात.

टायटॅनिकचे कोष्टक

आपल्या शाळेतल्या मुलांचे आकडे इथे छापणे योग्य नाही. म्हणून जगाला ठाऊक असलेले उदाहरण घेऊ. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री टायटॅनिक हिमनगावर आदळली आणि १५ एप्रिलच्या पहाटे बुडाली. सिनेमा सर्वांनी पाहिला आहे. कोष्टक मात्र फार थोड्यांनी पाहिले असेल. ब्रिटिश चौकशीवर आधारलेली प्रवाशांची संख्या अशी (इतर याद्यांत किरकोळ फरक आढळतात) :

पहिला वर्ग : वाचले २०३, दगावले १२२, एकूण ३२५
दुसरा वर्ग : वाचले ११८, दगावले १६७, एकूण २८५
तिसरा वर्ग : वाचले १७८, दगावले ५२८, एकूण ७०६
सर्व प्रवासी : वाचले ४९९, दगावले ८१७, एकूण १३१६

आता क्षणभर असे धरू की तिकिटाच्या वर्गाचा आणि जीव वाचण्याचा काही संबंध नव्हता. या धरून चालण्याला शून्य परिकल्पना म्हणतात. मग प्रत्येक वर्गातून सारख्याच प्रमाणात माणसे वाचायला हवी होती, म्हणजे १३१६ पैकी ४९९, सुमारे ३८ टक्के. पहिल्या वर्गातले ३२५ × ४९९ ÷ १३१६ म्हणजे १२३.२ वाचायला हवे होते. प्रत्यक्षात वाचले २०३. तिसऱ्या वर्गातले २६७.७ वाचायला हवे होते, वाचले १७८.

कृती सोपी आहे. ओळीची बेरीज गुणिले स्तंभाची बेरीज भागिले एकूण बेरीज, ही झाली अपेक्षित संख्या. प्रत्यक्ष संख्येतून ती वजा करा. वजाबाकीचा वर्ग करा, म्हणजे ऋण चिन्ह जाईल. त्या वर्गाला अपेक्षित संख्येने भागा. असे प्रत्येक चौकटीसाठी करून सगळ्यांची बेरीज करा. भागायचे का? कारण १००० अपेक्षित असताना १० चा फरक किरकोळ, पण २० अपेक्षित असताना तोच फरक मोठा.

सहा चौकटींतून येतात ५१.६, ३१.५, ०.९, ०.६, ३०.१ आणि १८.४. बेरीज सुमारे १३३. या कोष्टकासाठी योगायोगाची मर्यादा आहे ५.९९. नुसत्या योगायोगाने या मर्यादेपलीकडे जाण्याची शक्यता शंभरात पाच. १३३ हा आकडा तर इतका पुढे आहे की योगायोगाची गोष्टच सोडावी.

सहा आकडे पुन्हा पाहा. दुसऱ्या वर्गाचा वाटा जवळजवळ नाहीच. सगळा फरक पहिल्या आणि तिसऱ्या वर्गातून आला आहे. नुसती बेरीज लिहून उत्तराखाली दोन रेघा ओढणारी मुले हे पाहत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिले.

आणि संबंध सिद्ध झाला म्हणजे कारण सिद्ध झाले असे नाही. चौकशी समितीच्या अहवालाने तिसऱ्या वर्गाला अन्यायाने वागवले गेले नाही, असे म्हटले होते. त्यांची राहण्याची जागा बोटीच्या दोन टोकांना होती, वर येणे अवघड होते, सामान सोडायला अनेक जण तयार नव्हते, अशी कारणे त्यात दिली होती. कोणाचे खरे मानायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. काय-वर्ग त्यात काही सांगत नाही. तो फक्त म्हणतो, हा योगायोग नव्हे.

मर्यादा कुठून येते?

ही मर्यादा कोष्टकाच्या आकारावर अवलंबून असते. ओळींतून एक वजा, स्तंभांतून एक वजा, दोन्हींचा गुणाकार, ही झाली स्वातंत्र्य कोटि. वरच्या कोष्टकात (३ − १) × (२ − १) म्हणजे २. दोन ओळी आणि दोन स्तंभ असतील तर १, आणि तिथे मर्यादा ३.८४.

एकच का? बाजूच्या बेरजा ठरलेल्या असल्या तर दोन-दोनच्या कोष्टकात एक चौकट भरताच बाकीच्या तीन आपोआप भरतात. हात मोकळा फक्त एका चौकटीत. मुलांना ही गोष्ट चटकन समजते, पण खुद्द पिअर्सन यांना ती मान्य नव्हती! त्यांच्या मते ही संख्या ३ होती. रोनाल्ड फिशर या तरुणाने १९२२ साली ती १ असल्याचे दाखवले. पिअर्सन यांनी ते स्वीकारले नाही. शेवटी १९२६ मध्ये फिशर यांनी हजारो कोष्टकांचा पुरावा समोर ठेवला आणि ती कोष्टके तयार केली होती पिअर्सन यांच्याच मुलाने. चाचणी शोधणाराच ती वीस-बावीस वर्षे चुकीची वापरत होता, तेव्हा आपल्या मुलांनी पहिल्या प्रयत्नात चुकायला काहीच हरकत नाही.

(जाता जाता : पिअर्सन आणि त्यांच्या मुलाने ज्या लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात हे शास्त्र वाढवले, तिथेच सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे शिकले आणि पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख झाले. त्यांच्यावर पुढे कधीतरी स्वतंत्र लेख द्यायचा विचार आहे.)

आता आपला प्रश्न

समजा, एखाद्या शाळेत ६० मुलांनी मराठी घेतली आणि त्यांतली १५ गणितात मागे पडली. १२० मुलांनी संस्कृत घेतली आणि त्यांतली २० मागे पडली. हे आकडे कल्पित आहेत, हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतलेले. एकीकडे २५ टक्के, दुसरीकडे १६.७ टक्के. सभेत हे वाचून दाखवले तर टाळ्या पडणारच.

मागे पडलेली एकूण मुले ३५, एकूण मुले १८०. संबंध नसता तर मराठीची ६० × ३५ ÷ १८० म्हणजे ११.६७ मुले मागे पडली असती. प्रत्यक्षात १५. फरक ३.३३. चारही चौकटींत फरक एवढाच येतो, चिन्ह तेवढे बदलते (एक चौकट भरली की बाकीच्या भरतात, ते इथे दिसेल). चार चौकटींचे वाटे ०.९५, ०.२३, ०.४८ आणि ०.११, बेरीज १.७७. मर्यादा ३.८४. म्हणजे एवढा फरक नुसत्या योगायोगानेही सहज पडू शकतो. यावरून मराठीमुळे गणित कच्चे राहते असे म्हणता येणार नाही.

पण थांबा. मराठीच्या बाजूच्या मंडळींनी लगेच पेढे वाटू नयेत. संबंध 'नाही' असे यातून सिद्ध झालेले नाही. तो 'दिसला नाही' एवढेच. हीच टक्केवारी ठेवून मुले दहापट करा, म्हणजे ६०० पैकी १५० आणि १२०० पैकी २००. आता बेरीज येते १७.७ आणि मर्यादा कधीच ओलांडली जाते. टक्के तेच, निष्कर्ष उलटा. म्हणून कोणी नुसती टक्केवारी सांगितली तर पहिला प्रश्न विचारावा, "एकूण मुले किती होती?" त्या पालकांच्या कागदावर नेमके तेवढेच लिहिलेले नव्हते. चाचणीतही टक्के घालू नयेत, मूळ मोजलेल्या संख्याच घालाव्यात. आणि एक मूल एकाच चौकटीत एकदाच मोजलेले असावे. दोन वर्षांचे निकाल एकत्र केले तर तेच मूल सहावीत एकदा आणि सातवीत एकदा असे दोनदा येते, हे चालत नाही.

फार लहान वर्ग असेल तर आणखी एक अडचण येते. अपेक्षित संख्या ५ पेक्षा कमी असलेली चौकट असेल तर या मर्यादेवर विसंबू नये, असा संकेत आहे. तिथे फिशर यांची अचूक चाचणी वापरतात. तिची गोष्ट चहाची आहे. त्यांच्या सहकारी म्युरिएल ब्रिस्टल म्हणत, कपात आधी दूध घातले की आधी चहा, ते मला चवीवरून कळते. आठ कप, चारांत दूध आधी, चारांत चहा आधी, क्रम चिठ्ठ्या टाकावा तसा. आठांतून चार निवडण्याचे प्रकार ७०, त्यांतला बरोबर एकच. म्हणजे नुसत्या अंदाजाने सगळे ओळखण्याची शक्यता सत्तरात एक. घरी करून पाहता येईल, आईची परवानगी घेऊन.

खरा धोका

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसले तो मुद्दा. पुन्हा टायटॅनिकवर जाऊ. तिसऱ्या वर्गातले प्रवासी आणि बोटीवरचे कर्मचारी यांची तुलना करा.

तिसरा वर्ग : ७०६ पैकी १७८ वाचले, २५.२ टक्के
कर्मचारी : ८८५ पैकी २१२ वाचले, २४.० टक्के

काय-वर्ग येतो ०.३४. काहीच संबंध नाही. उलट कर्मचारी किंचित मागेच. कोणीही म्हणेल, बोटीवर नोकरी असण्याने काही फायदा झाला नाही.

आता हेच कोष्टक पुरुष आणि स्त्रिया वेगळे करून मांडा (मुलगे पुरुषांत, मुली स्त्रियांत धरल्या आहेत).

पुरुष, तिसरा वर्ग : ५१० पैकी ८८ वाचले, १७.३ टक्के
पुरुष, कर्मचारी : ८६२ पैकी १९२ वाचले, २२.३ टक्के
स्त्रिया, तिसरा वर्ग : १९६ पैकी ९० वाचल्या, ४५.९ टक्के
स्त्रिया, कर्मचारी : २३ पैकी २० वाचल्या, ८७ टक्के

पुरुषांत कर्मचारी पुढे, स्त्रियांतही कर्मचारी पुढे आणि दोघांना एकत्र केले की कर्मचारी मागे! मी हा हिशेब पहिल्यांदा केला तेव्हा बेरीज चुकली असे वाटून तीनदा तपासला. बेरीज बरोबर आहे. पुरुषांच्या कोष्टकाचा काय-वर्ग ४.९७ येतो, म्हणजे ३.८४ च्या पलीकडे. एकत्र कोष्टकात जो संबंध दिसत नव्हता तो इथे दिसतो.

असे का झाले? त्या रात्री होड्यांमध्ये आधी स्त्रिया आणि मुले बसवली जात होती. कर्मचाऱ्यांत ८८५ पैकी स्त्रिया फक्त २३, शंभरात तीनही नाहीत. तिसऱ्या वर्गात शंभरात अठ्ठावीस. म्हणजे एकत्र कोष्टक वर्गाची आणि कर्मचाऱ्यांची तुलना करत नव्हतेच. ते नकळत, कोणाकडे स्त्रिया जास्त होत्या, हे सांगत होते. न मांडलेली तिसरी गोष्ट अशी कोष्टकात लपून बसते. याला सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात.

आपल्याकडे ती तिसरी गोष्ट कोणती असेल? माझ्या मनात एक शंका आहे. सहावीत बाहेरून, विशेषतः बदलीच्या नोकरीमुळे, वर्ष मध्यावर आल्यावर प्रवेश घेणारी मुले आपल्याकडे मराठीकडे जास्त वळतात, कारण त्यांचे संस्कृत आधी झालेले नसते. ज्या मुलाने शाळा, पुस्तक आणि शिक्षक मध्येच बदलले त्याचे गणित मागे पडणे स्वाभाविक आहे. तसे असेल तर जुनी मुले आणि नवी मुले यांची कोष्टके वेगळी करताच फरक नाहीसा व्हायला हवा. आणि शंका चुकीची असेल तर तो तसाच राहील. मग मराठीचा तास नव्हे, पण त्याची मांडणी कशी आहे, तो गणिताच्या जादा तासाला लागून येतो का, हे आपल्याला पाहावे लागेल. दोन्ही निकालांची तयारी ठेवूनच हिशेब करायचा असतो.

एक मोह मात्र टाळायला हवा. मनासारखे उत्तर येईपर्यंत कोष्टके तोडत राहायचे नाही. शंभरात पाचची मर्यादा याचा अर्थ वीस निरर्थक कोष्टके मांडली तर सरासरी एखादे योगायोगानेच 'संबंध' दाखवणार. हजेरी क्रमांक सम की विषम यावरूनही गणिताचे भविष्य निघेल. म्हणून जुनी-नवी मुले हीच विभागणी करायची, हे मी आकडे पाहण्याआधीच इथे छापून टाकले आहे. आता मला मागे फिरता येणार नाही.

मी मराठीच्या बाजूची आहे, हे इथे सर्वांना माहीत आहे. म्हणूनच हा हिशेब मी एकटीने करू नये. येत्या शनिवारी शेवटच्या दोन तासिकांना अकरावीच्या मुलांनी गणिताच्या खोलीत यावे. कार्यालयातून नावे काढून टाकलेली गुणपत्रके मिळतील. प्रत्येक मूल एकदाच मोजायचे, फक्त मागील वर्षीच्या वार्षिक परीक्षेवरून. मोजणी दोन गटांनी स्वतंत्रपणे करायची आणि मग ताळा घ्यायचा. ज्या पालकांनी सभेत कागद वाचला त्यांना मी स्वतः फोन करून बोलावले आहे आणि ते येणार आहेत. चहा शाळेकडून, दूध आधी की नंतर ते ज्याने त्याने सांगावे. तयार झालेले कोष्टक, जे येईल ते, सोमवारी सूचना फलकावर लागेल आणि तेच विश्वस्त मंडळापुढे जाईल.